पत्र्याखालचं माहेर

"येत्या मे महिन्यात ह्या घरात कूलर न्हाय, एसी न्हाय, आणि तरीबी वरच्या खोलीत दुपारी पांघरूण घेऊन झोपायला लागंल! न्हाय लागलं तर मिशी उतरून हातात दीन!"

अण्णासो मगदुमांनी ही घोषणा भर संक्रांतीत केली. ऐकायला दोघंच होती. एक त्यांची बायको त्रिशला, जी तीळ निवडत होती, आणि दुसरा शेजारचा मल्लाप्पा, जो निवडलेले तीळ चिमटीचिमटीनं तोंडात टाकत होता.

"अय्यो शिवा! हळू बोल की लेका," मल्लाप्पा म्हणाला. "तिकडं कळंब्याच्या जेलातले कैदी दचकून उठतील."

अण्णासोंचा आवाज मुळातच मोठा. साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे उसाचा रस उकळून जिथं साखर करतात तिथं, त्यांची सारी नोकरी गेली. तिथं वाफेचा एवढा कालवा, की शेजारच्याला 'चहा घेणार का' हेसुद्धा बोंबलून विचारायला लागायचं. निवृत्त झाल्यावर वाफ कारखान्यातच राहिली आणि आवाज तेवढा घरी आला.

तर आता त्या घोषणेमागचं कारण सांगतो. अण्णासोंचं घर कोल्हापुरात कळंब्याला, तलावाकडं तोंड करून. खाली स्लॅबच्या दोन खोल्या नि स्वयंपाकघर, आणि वर एकच खोली, पत्र्याची. हौसेनं बांधली होती, लेक माहेरी आली की तिला निवांत राहता यावं म्हणून. एकुलती एक लेक, आदिती. दिली होती बेंगळूरला. तिथं बाराही महिने हवा गार! गेल्या मे महिन्यात ती दोन-अडीच वर्षांच्या पोरीला, चिमीला घेऊन महिनाभर राहायला आली, आणि चार दिवसांत पोरीची पाठ घामोळ्यानं लाल झाली. वरचा पत्रा दुपारी असा तापायचा, की खोलीत पाणी ठेवलं तर चहाच टाकावा! पाचव्या दिवशी आदितीनं पिशव्या भरल्या. "अण्णा, सोसत नाही ओ हिला," एवढंच म्हणाली. अण्णासोंनी रिक्षात पिशव्या ठेवून दिल्या, आणि गाडी सुटली तरी स्टँडावर उभेच राहिले.

तेव्हापासून घरात दोनच माणसं. त्रिशलाबाई चुकून चार माणसांचा भात टाकायच्या आणि मग दोघं दोन दिवस फोडणीचा भात खायची. वरच्या खोलीच्या भिंतीवर चिमीनं खडूनं रेघोट्या ओढल्या होत्या. दिवाळीला घर रंगवलं तेव्हा तेवढी भिंत त्रिशलाबाईंनी रंगवू दिली नव्हती. अण्णासो "घाण दिसतंय" म्हणून ओरडले, पण ब्रश घेऊन त्या भिंतीकडं तेही गेले नाहीत.

अशात जावयाचा फोन आला. बिचारा भला माणूस! म्हणाला, "मामा, एसी पाठवतो. वरच्या खोलीत बसवून घ्या."

झालं! अण्णासो पेटले! "जावईबापू, फुटक्या रांजणात पाणी ओतत बसायचं व्हय? आधी भोक बुजवायचं! उष्णता आत येतीया कुठनं ते बघायचं सोडून वीज जाळायची? हयातभर वाफेच्या नळ्यांना वेष्टणं घातली मी. एक फुंकर बाहेर जाऊ दिली न्हाय! आत कोंडता येती ती उष्णता बाहेर अडवता येत न्हाय व्हय?"

तिकडं जावयानं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला असणार. एसीचा विषय तिथंच संपला आणि घराच्या दुरुस्तीचा विषय सुरू झाला.

कुठलीही दुरुस्ती करायची तर आधी तपासणी! गरम वारा घरात कुठल्या फटीतनं शिरतो ते शोधायला अण्णासोंनी कारखान्यातलीच युक्ती काढली. उदबत्ती पेटवायची, दारंखिडक्यांजवळ धरायची. जिथं धूर हलंल तिथं फट! एका सकाळी बनियन नि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी अशा पोशाखात, हातात उदबत्तीचा जुडगा घेऊन, डोळे बारीक करून ते खोलीखोलीतनं हिंडू लागले. प्रत्येक कोपऱ्यात थांबायचे, उदबत्ती वरनं खाली, खालनं वर फिरवायचे, आणि तोंडातल्या तोंडात "हितं हाय... हितं न्हाय..." असं पुटपुटायचे.

नेमक्या त्याच वेळी गल्लीतल्या बयाबाई विरजण मागायला आल्या. दारातच थबकल्या. अण्णासोंनी त्यांच्यादेखत बाथरूमच्या दारालासुद्धा उदबत्ती ओवाळली! बयाबाईंनी चप्पल काढली, डोक्यावरनं पदर घेतला आणि हात जोडले.

"त्रिशलाक्का, घराची शांत हाय व्हय? बोलावलं न्हाईसा ते!"

आता बयाबाईंना 'उष्णतेची गळती' कशी सांगायची? त्रिशलाबाईंनी प्रयत्न केला. "तसं न्हवं ओ, ते आतलं बाहेरचं..." एवढं ऐकून बयाबाईंचे डोळे आणखी मोठे झाले. शेवटी त्रिशलाबाई म्हणाल्या, "तसंच समजा की," आणि हातावर एक केळं ठेवलं. बयाबाईंनी ते प्रसाद म्हणून अर्धं खाल्लं, अर्धं नवऱ्याला नेलं आणि वाटेत गल्लीभर सांगत गेल्या, की मगदुमांच्या घरात आतलं-बाहेरचं कायतरी हाय.

आराखडा तयार झाला. फटींना चिंध्या, पत्र्यावर पांढराशुभ्र चुना आणि पत्र्याखाली फळ्यांचं छत. त्या दोन्हींच्या मधल्या पोकळीत जाड भराव, म्हणजे वरनं उन्हानं कितीही डोकं आपटलं तरी खाली काय येता कामा नये!

चिंध्यांचं काम अण्णासोंनी स्वतः केलं. त्रिशलाबाईंची दोन जुनी लुगडी संपली. फटी एवढ्या गच्च बुजल्या, की दुसऱ्या दिवशी पुढचं दार उघडंना! बाहेरनं मल्लाप्पा ढकलतोय, आतनं अण्णासो ओढतायत. शेवटी दार एकदम उघडलं आणि मल्लाप्पा थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन बसला.

"आलायसा तर चहा घ्या," त्रिशलाबाई म्हणाल्या.

मग चुना. केरबा सुताराला हाताशी घेऊन अण्णासोंनी पत्र्यावर चुन्याचे थरावर थर चढवले. पत्रा असा चकाकायला लागला, की मल्लाप्पा शेजारी आपल्या गच्चीवर काळा चष्मा लावून मिरच्या राखायला लागला. "अण्णासो, एवढं ऐक. उजळाईवाडीचं विमान एखाद्या दिवशी हितंच उतरतंय बघ!"

राहिला भराव. काय भरायचं? मल्लाप्पाचं पत्र्याचं नि बांधकामाच्या सामानाचं दुकान. माणूस व्यवहारी. "सरळ भाताचं तूस भर," तो म्हणाला. "कोडोलीला माझा पाव्हणा हाय, त्याच्या गिरणीतनं पोतीच्या पोती आणून देतो. हलकं, कोरडं, कीड न्हाय, काय न्हाय."

"तूस?" अण्णासोंच्या मिशा थरथरल्या. "मल्लाप्पा, मी साखरेचा माणूस! माझ्या घरावर तूस? लोक काय म्हणतील? बगॅस भरणार मी, बगॅस!"

बगॅस म्हणजे उसाचा रस काढल्यावर राहतो तो चोथा. कारखान्यात तो भट्टीत जाळतात. मऊ, हलका, मधे हवा धरून ठेवणारा. अण्णासोंचं गणित तसं चुकीचं नव्हतं. जुन्या ओळखीवर ट्रॉली आली, पोरींची पाठवणी करताना रुखवत मोजावं तशी अण्णासोंनी प्रत्येक पाटी हात लावून वर पाठवली, आणि केरबानं खालनं फळ्या ठोकून टाकल्या.

आणि काय सांगू तुम्हाला! खोली खरंच गार झाली! एप्रिलच्या रखरखीत दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, तेव्हा वरच्या खोलीत पाऊल टाकलं की अंगावरनं कुणी ओला हात फिरवल्यागत वाटायचं. अण्णासो थर्मामीटर घेऊन वर-खाली पळत होते आणि आकडे ओरडून सांगत होते. पण त्रिशलाबाईंना आकडे नको होते. त्या रेघोट्यांच्या भिंतीला पाठ लावून बसल्या आणि डोळे मिटले.

"झोप लागंल ओ लेकराला हितं," त्या म्हणाल्या. आणि मग पदरानं डोळे पुसले.

अण्णासोंनी खाली धाव घेतली नि फोन लावला. "आदिती! ये! महाबळेश्वर केलंय घराचं, महाबळेश्वर!"

"खरंच?" तिकडनं आदिती म्हणाली. "येतो मग अण्णा. चिमीच्या बाबांना सांगून तिकिटं काढते. सुट्टी मिळेल तेवढी राहतो."

त्या दिवशी अण्णासोंनी गल्लीत दिसेल त्याला सांगितलं. लेक येणार! राहायला येणार! दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा "बरं बरं" म्हणत मीटर न बघताच गेला.

आठवडा गेला असेल-नसेल. अण्णासो सकाळी वर गेले आणि किंचाळले. "अगं! भिंतीला तडा गेलाय!"

छतापासून खिडकीपर्यंत बारीक काळा तडा! छताचं वजन भिंतीला सोसलं नाही की काय? अण्णासो घाबरले. खाली जाऊन सिमेंट कालवलं, थापी घेतली, वर आले आणि तड्याला सिमेंट लावणार, तोच तडा हलला!

हलला म्हणजे वळणच घेतलं त्यानं! थापीला वळसा घालून तडा पुढं चालू लागला.

"मुंग्या!" त्रिशलाबाई मागनं म्हणाल्या.

मुंग्याच! काळ्या, चिमुकल्या, न चावणाऱ्या, पण किती? त्याची मोजदाद कुणी करावी! फळ्यांच्या सापटीतनं एक रांग आत जात होती, एक बाहेर येत होती. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीच्या चेहऱ्यावर, अण्णासोंना तरी, जेवून आल्याचं समाधान दिसत होतं.

"पर ह्या आल्या कशाला?" अण्णासो गोंधळले.

त्रिशलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कशाला म्हणून मला विचारताय? सारी नोकरी मिलवाल्यांच्या नावानं शंख केलासा! 'नीट पिळत न्हाईत, बगॅसमधनं साखर जातीया, बगॅसमधनं साखर जातीया!' जेवताना तेच, झोपताना तेच! आणि तीच साखर लेकीच्या डोक्यावर नेऊन ठेवलासा व्हय?"

मल्लाप्पा जिन्यात बसून हसत सुटला. "तूस भर म्हटलं तर कमीपणा वाटला! साखरेचा माणूस! भोग आता."

दुसरं कुणाचं घर असतं तर विषय तिथंच मिटला असता. दुकानातनं पावडर आणायची, भुरभुरायची, झाडून काढायचं. पण हे मगदुमांचं घर, जैनाचं! त्रिशलाबाई दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. कणकेत टोका, म्हणजे धान्यातला किडा, निघाला तर त्याला पानावर घेऊन अंगणात सोडून येतात. तिथं मुंगी मारायची? पावडरचं नाव काढलं म्हणून मल्लाप्पाला त्या दिवशीचा चहा मिळाला नाही.

मग अहिंसक उपाय! हळद टाकली, मुंग्या पिवळ्या पायांनी फिरू लागल्या. कापूर ठेवला, तर बगल देऊन गेल्या. शेवटी त्रिशलाबाईंनी डोकं लढवलं. कंपाउंडच्या भिंतीपाशी मूठ मूठ साखर नि पीठ ठेवायला सुरुवात केली, म्हणजे मुंग्या तिकडं जातील. गेल्यासुद्धा! तिथली साखर उचलली आणि रांगेनं वरच्या खोलीत आणून ठेवू लागल्या. शिधा बाहेर आणि मुक्काम आत!

हे सगळं बयाबाई बघत होत्या. आधी घराला धूप फिरवला, आता रोज सकाळी मुंग्यांना साखर. बयाबाईंनी गल्लीत सांगितलं, गल्लीनं बाजारात सांगितलं. आणि शनिवारी सकाळी फाटकाशी एक अनोळखी माणूस उभा!

"पावणं, मुंग्यांचं घर हेच न्हवं?"

"माणसांचं बी हाय!" अण्णासो गरजले.

तो मनुष्य जराही बिचकला नाही. खिशातनं साखरेची पुडी काढली. "साडेसाती हाय. मुंग्यांना घाल म्हणून सांगितलंय. हितल्या मुंग्या लई पावत्यात म्हणं."

त्याच्यामागं दोन बायका होत्या. त्यांच्यामागं स्कूटरवरनं एक मास्तर. पुढच्या शनिवारी तर मल्लाप्पाला रांग लावायला उभं राहावं लागलं! कुणी रवा आणला, कुणी गूळ. नृसिंहवाडीला निघालेली एक जीपच्या जीप वाट वाकडी करून आली. अण्णासो फाटकात उभे राहून घसा फोडत होते, "अरे, हे देवस्थान न्हवं! ही चूक हाय! माझी चूक हाय!" लोक त्यांनाही नमस्कार करत होते.

कोडोलीचा एक म्हातारा मात्र काही न बोलता साखर घालत होता. अण्णासोंनी त्याला दरडावलं, "तुमची काय साडेसाती हाय?"

"साडेसाती न्हाय ओ," म्हातारा म्हणाला. "लेक रुसून येऊन बसलीया. नांदायला जात न्हाय."

अण्णासोंनी त्याच्याकडं बघितलं. आवाज एकदम खाली आला. "तुमची जात न्हाय, माझी ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "घाला बाबा, घाला. माझ्या नावाची बी एक चिमूट घाला."

आदिती यायला थोडेच दिवस उरले. अण्णासोंनी मन घट्ट केलं आणि केरबाला बोलावलं. छत उतरायचं, बगॅस काढून टाकायचं, खोली पहिल्यासारखी. गारवा गेला तर गेला! केरबानं शिडी लावली, पहिली फळी सैल केली आणि थांबला.

"अण्णा, हे बघा."

फळीवर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी होती. केवढी तरी! उजेड पडताच मुंग्यांची धांदल उडाली. एकेक अंडं तोंडात धरून त्या अंधाराकडं पळू लागल्या.

त्रिशलाबाईंनी खालनंच हात वर केला. "केरबा, ठेव ती फळी जागेवर."

"अगं, पर आदिती..." अण्णासो म्हणाले.

"लेकुरवाळ्या हायत ओ सगळ्या. भर उन्हाळ्यात पोरांसकट बाहेर काढायचं त्यांना?" त्या शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "आपली लेक एकदा गेली तशी, तेवढं पुरं झालं."

केरबानं फळी परत ठोकली, तीसुद्धा हळू. अण्णासोंनी फोन हातात घेतला. आदितीला सांगावं, येऊ नकोस म्हणावं. नंबर फिरवला, तिकडनं चिमीचा "हलो!" आला आणि ह्यांनी फोन ठेवून दिला.

मग लेक आली. अण्णासोंनी वरच्या खोलीला मोठं कुलूप घातलं होतं.

"वर दुरुस्ती चाललीया," ते म्हणाले.

"झाली म्हणाला होतात की फोनवर! महाबळेश्वर म्हणाला होतात!"

"महाबळेश्वरला बी दुरुस्ती असती की!"

एवढ्यात जिन्यातनं चिमीची किंकाळी आली. सगळे धावले. ही बया पायरीवर पालथी पडून, हनुवटीला हात लावून, डोळे विस्फारून बघत होती. "इरुवे! अज्जा, किती इरुवे!" मुंगीला ती तिकडच्या कानडीत इरुवे म्हणायची. आणि तेवढ्यात फाटकातनं हाक आली, "पावणं, मुंग्यांचं घर हेच न्हवं?"

मग काय लपवणार? अण्णासोंनी सगळं सांगितलं. वाफ, उदबत्ती, तूस, बगॅस, अंडी, साडेसाती, सगळं. आदिती ऐकता ऐकता हसायला लागली. एवढी हसली, की जिन्याच्या पायरीवर बसली. हसू ओसरल्यावर किल्ली घेऊन एकटीच वर गेली. थोड्या वेळानं अण्णासो मागनं गेले. ती खोलीच्या मधोमध उभी होती. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजून काढत होतं आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"खरंच गार आहे की ओ अण्णा," ती म्हणाली. "हे सगळं आमच्यासाठी केलंत?"

आता ह्या माणसानं 'हो' म्हणायचं की नाही? पण अण्णासो पडले कोल्हापूरचे! "तुमच्यासाठी कशाला?" ते भिंतीकडं बघत म्हणाले. "पत्रा गंजत होता."

वरची खोली मुंग्यांना दिली आणि माणसं खाली सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, अंथरुणं टाकून झोपली. एका ओळीत सगळी. उकडत तर होतंच! त्रिशलाबाई नातीला पुठ्ठ्यानं वारा घालायच्या, आणि त्यांचा डोळा लागला की अण्णासो घालायचे. घामोळंही आलंच, पण ह्या खेपेला चिमी रडली नाही. तिला वेळच नव्हता! सकाळी उठली की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायची ती जेवायलाच उठायची. शेजारी अण्णासो. कुठली मुंगी कामचुकार, कुठली लाडकी, कुणाचं लग्न ठरलंय, हे सगळं दोघांनी मिळून ठरवलेलं. मल्लाप्पा येऊन तिच्याशी कानडीत बोलायचा, तर ती त्यालाच "श्श!" करायची. आदितीनं एकदाही पिशव्या भरायची भाषा काढली नाही. मिळाली होती तेवढी सुट्टी पुरेपूर राहिली.

पण सुट्टी ती सुट्टीच. एक दिवस रिक्षा आली. चिमीनं मुंग्यांना टाटा केला, अज्जीला केला, आणि अज्जाला करायची तेवढी विसरली.

पुढच्या काही दिवसांत रांग बारीक होत गेली. बगॅसमधली साखर संपली असावी, नाहीतर वरल्या पोरांना पाय फुटले असावेत. एका सकाळी अण्णासो जिना चढून गेले, तर भिंत कोरी. केरबानं फळी काढून बघितली, एकही नाही. साखर संपली, मुंग्या गेल्या. सुट्टी संपली, लेक गेली. शनिवारची माणसंसुद्धा यायची बंद झाली. अख्ख्या कोल्हापुरात एवढी गार खोली कुणाकडं नव्हती, आणि तिच्यात झोपायला कुणी नव्हतं. अण्णासो दुपारचे त्या जिन्यातल्या पायरीवर जाऊन बसू लागले. मल्लाप्पानं मिशीवरनं चिडवलं, तरी उलट बोलले नाहीत. आता अण्णासो गप्प म्हणजे काय, तुम्हीच समजा.

अशात रविवारी फोन वाजला.

"अज्जा!" चिमी. "इरुवेंना फोन द्या!"

अण्णासो चपापले. मुंग्या गेल्या म्हणून सांगावं? मग ती पुढच्या वेळी कशाला फोन करंल? आणि यायची तरी कशाला?

"त्या... त्या कामात हायत गं."

"बोलवा ना!"

अण्णासोंनी इकडंतिकडं बघितलं. त्रिशलाबाई परसात होत्या. त्यांनी रिसीव्हर तोंडाजवळ धरला, वरनं हाताची ओंजळ केली, आणि ज्या गळ्यानं बॉयलिंग हाऊस दणाणून सोडलं होतं, त्या गळ्यातनं सुतासारखा बारीक आवाज काढला.

"हॅलो... मी मुंगी बोलतीया."

तिकडं शांत. अण्णासोंना धीर आला.

"बरी हाईस न्हवं गं बाई? आमी बी बऱ्या हाय. खोली लई गार हाय आता. पर करमत न्हाय बघ. तू गेल्यापास्नं घर खायला उठतंय. तुझी अज्जी परत चार माणसांचा भात टाकाय लागलीया. आणि तुझा अज्जा तर काय सांगू? नुसता जिन्यात बसतोय. त्येला सांगाय येत न्हाय गं, मोठ्यानं बोलायची सवय, असलं काय बारीक आवाजात बोलाय जमत न्हाय त्येला. म्हणून मी सांगती. तुझ्या आईला म्हणावं, उन्हाळ्याचीच वाट कशाला बघायची? कवाबी या. वाट बघतोय तो. लई वाट बघतोय."

तिकडं अजून शांत. मग कुणीतरी नाक ओढलं.

"अण्णा," आदितीचा आवाज आला. "चिमी मघाशीच खेळायला पळाली ओ. मीच ऐकत होते."

अण्णासोंच्या कानापर्यंत गरम झालं. फोन ठेवावा की धरावा कळंना. घसा खाकरला, तर तोही बारीकच खाकरला गेला.

"मुंगीला सांगा," आदिती ओल्या आवाजात म्हणाली, "दिवाळीला येतोय. चांगलं राहायला येतोय." आणि तिनं फोन ठेवला.

परसातनं त्रिशलाबाई पदराला हात पुसत आल्या. "कुणाचा ओ फोन? आदितीचा न्हवं? काय म्हणाली?"

"मला कुठं काय म्हणाली!" अण्णासो भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "मुंगीला म्हणाली, दिवाळीला येतोय म्हणून."